पाहुणा संघ

मी याद्या करणारी बाई आहे. दुबईला आले त्या पहिल्याच आठवड्यात करामातल्या आमच्या फ्लॅटच्या फ्रिजवर तीन याद्या लागल्या होत्या. त्यामुळे नव्वदच्या दशकात मराठी मंडळाचं शुक्रवारचं क्रिकेट सुरू झालं, तेव्हा स्कोअर लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. नवरा मंडळाच्या संघाचा कॅप्टन होता. मला खेळातलं फारसं कळत नव्हतं, पण रकाने आखता येत होते. महिन्याभरात खेळही कळला.

सामने अल क्वोजला, गोदामांच्या मागच्या मोकळ्या वाळूवर व्हायचे. सकाळी सहाला सुरू आणि नऊच्या आत संपवायचे, कारण त्यानंतर उन्हात उभं राहवत नसे. संघ दोनच. एक आमचा, म्हणजे बँकेतले आणि ऑफिसातले मुंबई-पुण्याचे लोक. दुसरा तिथल्याच लेबर कॅम्पचा, म्हणजे गुहागर-चिपळूणकडचे सुतार, फिटर, वेल्डर. आम्ही गाड्यांतून उतरायचो तोवर त्यांनी फळी ओढून वाळू सपाट केलेली असायची. काथ्याची चटई अंथरून तिला खिळेही ठोकलेले असायचे. मैदान त्यांनी केलेलं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवते.

माझा एक नियम होता. सामना संपला की दोन्ही कॅप्टननी वहीत पानाखाली सही करायची, मग निकालावर वाद नाही. नवरा उभ्या उभ्या रेघोटी मारायचा. कॅम्पचा कॅप्टन सुतार होता. तो आधी हात धुवायचा, मग माझ्याशेजारी बसून पूर्ण नाव लिहायचा.

"वैनी, तो कॅच लिवलात ना? नायतर तुमचे मिस्टर म्हणतील, बॉल वाळूला लागला."

"लागलाच होता," नवरा म्हणायचा.

"मग सही करू नका."

नवरा हसून सही करायचा. कॅम्पचा संघ आमच्यापेक्षा जास्त वेळा जिंकला. वहीत तसंच लिहिलेलं आहे.

दोन हजार साल उलटलं आणि मंडळाला वेबसाइट हवी झाली. खालच्या मजल्यावरची माझी मैत्रीण मंडळाची सेक्रेटरी होती. या देशात आल्यापासून दूध संपलं तरी आणि ताप आला तरी मी आधी तिची बेल वाजवायचे. तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. मंडळाच्या क्रिकेटचा इतिहास साइटवर टाकायचा म्हणून तिने माझ्या सहा वह्या मागितल्या. मी अनुक्रमणिका करून दिल्या.

"तू एवढं नीट लिहिलंयस," ती म्हणाली, "मला फक्त बसून टाइप करायचंय."

पुढच्या शुक्रवारी मी सुताराला सांगितलं की तुमच्या सगळ्यांची नावं आता कॉम्प्युटरवर येणार. त्याने गावी फोन केला. चिपळूणला नुकतंच सायबर कॅफे निघालं होतं. त्याच्या वडिलांच्या मते क्रिकेट म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग. भाऊ त्यांना एसटीने चिपळूणला नेऊन मुलाचं नाव दाखवणार, असं ठरलं.

साइटचं उद्घाटन गणपतीच्या कार्यक्रमात झालं. पडद्यावर पहिलं पान दाखवलं, टाळ्या झाल्या. मी तेव्हा महाप्रसादाच्या प्लेटा मोजत होते. घरी आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, नवऱ्याच्या ऑफिसात होता.

"इतिहासाचं पान बघितलंत?" मी विचारलं.

"बघितलं. छान झालंय," तो म्हणाला.

मग एका बुधवारी सुताराचा बूथवरून फोन आला. "वैनी, कॅफेत जाऊन आलो. सगळे नुसते चौकोनच दिसतायत."

तेव्हा मराठी वाचायला फॉन्ट वेगळा उतरवून घ्यावा लागायचा. मी खाली जाऊन मैत्रिणीकडून कृती लिहून आणली. तिने ती न अडखळता सांगितली. मी त्याला चार पायऱ्या क्रमाने वाचून दाखवल्या आणि गावी भावालाही कळवायला सांगितलं. त्याने एकेक पायरी परत म्हणून घेतली.

"एक ओळ लांबडी हाय चौकोनांची," तो म्हणाला. "ती माझीच असणार. माझं आडनाव लांब हाय."

शुक्रवारी मैदानावर त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. कॅफेवाल्याकडून छापून घेतला होता.

"वैनी, आमी यात कुटं हाव?"

मी वाचलं. विजेत्यांच्या यादीत फक्त आमचे विजय होते, खेळाडूही फक्त आमचे. अगदी तळाला एक लांब वाक्य होतं: सरावासाठी एका पाहुण्या संघाबरोबरही काही अनौपचारिक सामने झाले. त्याखाली ‘नोंदी व माहिती’ असं लिहून माझं पूर्ण नाव.

"हे मी लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"खाली नाव तर तुमचं हाय."

"वडील जाऊन आले?"

"काल गेलेवते."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, यष्टीला गर्दी होती."

नवरा शेजारीच पॅड बांधत होता. सुतार त्याच्याकडे वळला. "सायेब, तुमी तर दर टायमाला सही केलीत."

"कमिटीचा निर्णय होता," नवरा पॅडकडे बघत म्हणाला. त्याला आधीपासून ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

दुपारी मी खालची बेल वाजवली. मैत्रिणीने काही नाकारलं नाही.

"अगं, ते मेंबर कुठे आहेत? फॉर्ममध्ये फॅमिलीचा रकाना आहे. त्यांची फॅमिली गावाला. आणि साइट पुण्या-मुंबईचे लोक बघणार. आपण दर शुक्रवारी कॅम्पवाल्यांकडून हरतो, हे कशाला दाखवायचं? तुझ्या नवऱ्यानेही हात वर केला होता."

"मग माझं नाव कशाला घातलंस?"

"तुझ्या नावावर कोण शंका घेणार?" ती म्हणाली. तिला ते कौतुक वाटत होतं.

मेंबरशिपचा तो फॉर्म मीच आखला होता. फॅमिलीचा रकाना भरल्याशिवाय अर्ज घ्यायचा नाही, हेही मीच ठरवलं होतं. तेव्हा मला ती फक्त शिस्त वाटली होती.

मी वह्या परत घेतल्या. नाव काढायला सांगितलं. ती "इन्शाल्ला" म्हणाली आणि नाव तसंच राहिलं. नवऱ्याने घरी एकदाच विषय काढला. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस, असं म्हणाला. मी पानं वाढत होते, वाढत राहिले.

पुढच्या शुक्रवारी मंडळाचा सामना रद्द होता. मी टॅक्सी करून एकटीच अल क्वोजला गेले, सहा वह्या पिशवीत घेऊन. कॅम्पवाले दुसऱ्या एका कॅम्पशी खेळत होते. सुताराने मला खुर्ची दिली, चहा दिला.

"स्कोअर मी लिहिते," मी म्हटलं.

"नको वैनी. आमचा मानूस लिवतो आता."

एक वेल्डर पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहीत होता. मी पिशवी पुढे केली. वह्या तुमच्याकडे राहू द्या, खरं यात आहे, असं सांगितलं. सुताराने हात धुतले नाहीत. उभ्यानेच एक वही उघडली, दोन पानं चाळली आणि परत दिली.

"कोन जिंकलं ते आमाला ठावं हाय, वैनी."

मी अजून दोन ओव्हर बसले. वेल्डर वाइडच्या धावा धरतच नव्हता. मी पिशवी उचलली आणि टॅक्सी बघायला रस्त्याकडे निघाले.