सहदेवरावांची डबल बेल

सहदेवरावांनी ग्रुप सोडला, ही बातमी खोपट डेपोच्या निवृत्त मंडळींत चहा निवायच्या आत पसरली. डेपोतला पोपट क्लार्क तर इतका हादरला, की त्याने थेट डोंबिवलीला घरी फोन लावून सहदेवरावांच्या सुनेला विचारलं, "सूनबाई, सासरे बरे आहेत ना? की ॲडमिट केलंय?"

त्याचंही चुकलं नाही. ग्रुप सहदेवरावांचाच होता. एसटीची गाडी बत्तीस वर्षं चालवली आणि स्टिअरिंग सुटलं त्याच महिन्यात त्या हातात मोबाईल आला. तेव्हापासून दीडशे म्हाताऱ्यांची ने-आण हा माणूस व्हॉट्सॲपवर करत होता. कुणाचा वाढदिवस असला की साडेपाचला केक. कुणी गेलं की फुलांच्या चौकटीत फोटो. आपल्याआधी दुसऱ्या कुणी श्रद्धांजली टाकली, तर दिवसभर तोंड पाडून बसायचे. पाठीमागे लोक त्यांना 'यमाचा कंट्रोलर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्या दीडशेंत बाबूराव होते. अकरा वर्षं सहदेवरावांच्या गाडीवर कंडक्टर. डेपोत बाकीच्यांचा जोडीदार दर सहा महिन्यांनी बदले, ही जोडी मात्र नवराबायकोसारखी भांडत टिकली. बाबूराव दिव्याला राहायचे. डोंबिवली आणि दिवा यांच्यामध्ये कोपर एवढं एक स्टेशन. ज्या माणसाने अक्कलकोटपर्यंत गाड्या नेल्या, त्याला हे अंतर निवृत्तीनंतरच्या सात वर्षांत कापता आलं नाही.

दर रविवारी सकाळी बाबूरावांचा मेसेज यायचा. "ड्रायव्हरसाहेब, आज या. कांताने सुकट केलीय." सहदेवराव अंगठा पाठवायचे. वाचलं, छान, बघू, तुम्ही जेवून घ्या, या सगळ्याला त्यांच्याकडे तो एकच अंगठा होता.

मार्चमध्ये बाबूराव गेले. सहदेवरावांनी अकरा मिनिटांत फोटो टाकला, नव्वद जणांनी हात जोडले. भेटायला जायचं मनात होतं. पण आधी गुडघा दुखला, मग ऊन वाढलं, मग दिवस उलटून गेले आणि उशिरा जायची लाज वाटू लागली. लाजेपायी आणखी उशीर झाला.

आणि एक जून उजाडला. त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस याच दिवशी. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट हीच तारीख लिहिलेली. डेपोचे सत्तावीस जण एकदम वाढायचे. सहदेवरावांनी गेल्या वर्षीची यादी उचलली, वर केक लावला आणि पाठवून दिली. यादीत नववं नाव बाबूरावांचं.

कुणाच्या लक्षात यावं? उलट एकतीस जणांनी खाली लिहिलं, "शतायुषी व्हा बाबूराव!" हात जोडणाऱ्यांतलेच होते बरेचसे. अकराच्या सुमारास बाबूरावांच्याच नंबरवरून उत्तर आलं. "भाऊजी, ते गेले ना. कांता."

सून म्हणाली, "बाबा, मेसेज डिलीट करता येतो हो."

"येतो गं. त्या बाईने वाचलाय, त्याचं काय करू?"

त्यांनी पोपटला ॲडमिन केलं, ग्रुप सोडला, व्हॉट्सॲप सुनेकडून काढून टाकलं आणि पुढच्याच रविवारी दिव्याला उतरले. वाटेत एकच विचार होता, कांतावहिनींनी दार लावून घेतलं तर? लावावंच त्यांनी, असंही वाटत होतं. चार मजले चढले. प्रत्येक दाराबाहेर पाण्याचे निळे ड्रम. बाबूरावांच्या दारातला रिकामा होता.

"जय भीम, वहिनी."

कांतावहिनींनी क्षणभर नुसतं पाहिलं आणि बाजूला झाल्या. आत बुद्धमूर्तीशेजारी बाबूरावांचा फोटो होता. कंडक्टरच्या गणवेशातला, शर्टाचं वरचं बटण नेहमीसारखं तुटलेलं.

"चुकलं माझं," सहदेवराव म्हणाले.

"बसा. पाणी घ्या." मग त्याच म्हणाल्या, "तुमचा अंगठा आला की फार खूश व्हायचे. म्हणायचे, डबल बेल दिली बघ, निघाला सहदेव."

सहदेवरावांच्या हातातला पेला तसाच राहिला. कंडक्टरने दोरी दोनदा ओढली की गाडी हलायची. अकरा वर्षांत डबल बेल होऊन ही गाडी कधी जागेवर राहिली नव्हती.

"मग शर्ट घालून स्टेशनच्या जिन्याखाली उभे राहायचे. एक वाजला की परत. म्हणायचे, अचानक ड्यूटी लागली असेल."

"ड्यूटी? वहिनी, मला रिटायर होऊन सात वर्षं झाली."

"तेच मी म्हणायची. तर माझ्यावरच डाफरायचे. तुला काय कळतं डेपोतलं, म्हणे."

मग त्यांनी काही न विचारता ताट वाढलं. सुकट होती, भाकरी होती. सहदेवराव मान खाली घालून जेवले.

निघताना त्यांनी गुपचूप चपला शोधल्या. दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, एवढी रीत त्यांना पाठ होती.

"न सांगताच निघालात, भाऊजी?"

"वहिनी... असंच निघतात ना."

"हो, असंच. मार्चमध्ये सगळे असेच निघाले. एकही परत आला नाही. तुम्ही सांगून जा."

एक पाय चपलेत, एक बाहेर. इतक्या वर्षांच्या सवयीने हात वर गेला आणि अंगठा उभा राहिला. सहदेवरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मुठीत दाबला आणि हात खाली घेतला.

"येतो," ते म्हणाले. "रविवारी येतो."

"बघू," कांतावहिनी म्हणाल्या. पण खालच्या मजल्यांवरून सहदेवरावांच्या दुखऱ्या गुडघ्याची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत त्यांनी दार लावलं नाही.