दादांनी सांभाळून घेतलं

थायरॉईडच्या ऑपरेशननंतर माझा आवाज गेला, असं लोक म्हणतात. गेला नाही. उरलाय तो कुणालाच नकोय, एवढंच. जयंतीच्या दिवसांत एका संध्याकाळी दोन-तीन वस्त्यांत भीमगीतं गाणारी मी, आता चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलांच्या घड्या घालते. तिथं गळ्याचं काम नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वर्षभरात जेवढा परत येईल तेवढाच आवाज तुमचा. वर्ष उलटलं. माझ्या वाट्याला आला तो फाटका, मधेच श्वास निसटणारा आवाज. फोनवर अनोळखी माणसं मला ‘बोला साहेब’ म्हणतात.

माझी एक मैत्रीण शाळेत चित्रकला शिकवते. तिच्या वडिलांचे माग होते, घरी तेलुगू बोलतात. आम्हा दोघींच्या एका कार्यक्रमासाठी तिनं कारखान्यात जाऊन मागावरच्या धाग्यांचं अगदी जवळून शूटिंग केलं होतं आणि लॅपटॉपवर अशी सोय केली होती, की माझा माइकमधला आवाज जसा येईल तसे पडद्यावरचे धागे हलतील. आवाज थांबला की पडदा कोरा. चाल ठरलेली नाही, शब्द नाहीत. त्या क्षणी गळ्यातून येईल ते मी गायचं आणि त्याच क्षणी तिनं त्याचं चित्र करायचं. पहिल्याच तालमीत माझा आवाज फाटला आणि धागे तटातटा तुटले. मी ओशाळून गप्प झाले, तर ती ओरडली, “अगं थांबू नकोस, हेच तर पाहिजे!”

ऑपरेशननंतर माझ्या गळ्याला ‘पाहिजे’ म्हणणारं ते पहिलं माणूस. मग मी हट्टालाच पेटले. लोकांनी अर्धा तास हा आवाज ऐकून घेतला तर मी अजून गाणारी आहे. नाही ऐकला, तर पुन्हा माइकला हात लावायचा नाही, असं मनाशी ठरवून टाकलं. आशा धरून बसणं मला झेपेनासं झालं होतं. रोज सकाळी उठून एक सूर लावून बघायचा आणि रडायचं, असं किती दिवस करणार?

साउंडला आमचे जुनेच दादा बोलावले. जयंतीच्या धामधुमीत गायकाचा घसा बसतोच. तेव्हा दादा त्याच गायकाचं जुनं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवरून हळूच वर घेतात आणि गायक नुसते ओठ हलवतो. याला आमच्यात ‘सांभाळून घेणं’ म्हणतात, आणि त्याबद्दल कुणी कुणाला बोलत नाही. मलाही त्यांनी कितीदा तरी सांभाळलं होतं. म्हणून बजावलं, “दादा, आवाज फाटला तरी काही करू नका. तसाच ऐकू दे लोकांना.”

“तुमी बिनघोर गा ताई,” ते म्हणाले. “मी हाय की.”

वाचनालयाचा हॉल निम्मा भरला होता. आई मैंदर्गीहून मुद्दाम आली होती, पहिल्या रांगेत बसली होती. मी सुरुवात केली तशी कुजबुज झाली, कुणीतरी हसलं, मग हळूहळू सगळे शांत झाले. धागे तुटत होते, जुळत होते, आणि लोक चक्क ऐकत होते! मला धीर आला. मी वरच्या सुराला गेले आणि गळा बंदच पडला. पडदा पांढरा झाला. तालमीतही असं व्हायचं. त्या कोऱ्या पडद्यावर पुढचा पहिला खरखरीत सूर उमटायचा, तो आम्हा दोघींचा सगळ्यात लाडका क्षण. मी श्वास गोळा करत उभी राहिले.

तेवढ्यात स्पीकरमधून मीच गाऊ लागले. ऑपरेशनच्या आधीची मी. स्वच्छ, भरलेला आलाप. पडदा धाग्यांनी गच्च भरला, एकही तुटेना. थांबवा म्हणून मी दादांच्या दिशेनं हात वर केला. आमच्या धंद्यात गायकानं हात वर केला की आवाज वाढवायचा असतो. दादांनी वाढवला.

टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. मैत्रीण लॅपटॉपवरचे हात तसेच ठेवून माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिली. आपलेच दात, आपलेच ओठ, चिडायचं कुणावर? आलाप संपला तेव्हा मी पुन्हा तोंड उघडलं, पण कार्यक्रम संपला असं समजून लोक उभे राहिले होते. त्या गलक्यात माझा सूर कुणाला ऐकूच गेला नाही. पडद्यावर मात्र दोन-चार धागे तुटले.

दादा वायरी गुंडाळत जवळ आले. “तोंड मिटून का हुबं ऱ्हायला ताई? ओठ तरी हलवायचे की.” मी त्यांना नमस्कार केला. दुसरं काय करणार होते?

रिक्षात मी आईला म्हणाले, “आई, शेवटचं ते मी नव्हते गायले. जुनं रेकॉर्डिंग होतं.”

“कळलं की मला. आई हाय मी तुजी.”

मला एवढं बरं वाटलं, की मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझा हात हातात घेतला.

“पर लई दिसांनी तुजा आवाज ऐकला गं,” ती म्हणाली.

सकाळी तिला स्टँडवरून घेऊन आल्यापासून मी तिच्याशी बोलतच होते.