नागुबाईची साखर एकशे अठरा

रत्नम्मा रागीट बाई आहे, हे बोरगुळीत कुणाला सांगावं लागत नाही. आशाताई म्हणून ती गावभर फिरते आणि तिचा आवाज तिच्याआधी दोन घरं पुढं पोचतो. गरोदर बाईनं गोळ्या न खाता डब्यात साठवल्या, तर ती डबा चुलीपुढं उपडा करते. लसीच्या दिवशी लेकरू घेऊन माहेरी निघालेल्या एका सुनेला तिनं एसटीतून खाली उतरवलं होतं, वर कंडक्टरशी भांडली ते वेगळंच. तिचा नवरा शिवप्पा स्वभावानं गरीब. तो म्हणतो, "हिच्या रागानं निम्म्या गावाची बाळंतपणं सुखरूप झाली. मी कशाला मधी बोलू?"

राग वाजवीच असायचा, ही तिची खोड. त्यामुळं आपलं काही चुकलं असं तिला कधी वाटायचं नाही आणि 'माझं चुकलं' हे दोन शब्द तिच्या तोंडून खुद्द शिवप्पानंही ऐकले नव्हते.

ही गोष्ट लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या सालची. बोरगुळीच्या दोन्ही विहिरींनी संक्रांतीलाच तळ दाखवला होता. चावडीपुढचा हापसा दाबला की नुसता कण्हायचा. टँकर चौथ्या दिवशी, तोही आला तर. आणि अशा साली मोठी माणसं कशात गुंतली होती म्हणाल, तर जिल्ह्यात! उदगीर जिल्हा होणार, आज होणार, उद्या होणार. हॉटेलात बसून कलेक्टर कचेरी कुठं बांधायची यावरून माणसं एकमेकांच्या गचांडीला हात घालत होती. घशाला कोरड आणि डोक्यात कलेक्टर! रत्नम्मा हॉटेलावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "आधी घागरभर पाणी आणा रे बाबांनो, मग जिल्हा आणा."

त्याच दिवसांत हणमंतराव गावात आले. कुठल्याशा संस्थेचे साहेब, पांढरी गाडी, गोड बोलणं. त्यांनी मनगटाला बांधायचे पट्टे आणले होते. पट्ट्याच्या पोटाशी कोटाच्या बटणाएवढी काळी चकती, तिच्यातून हिरवा नि तांबडा उजेड निघायचा. तो कातडीत शिरतो, रक्ताला भेटून माघारी येतो आणि परत आलेल्या उजेडावरून यंत्र साखर सांगतं. सुई नाही, रक्त नाही. आकडा चावडीवर बसवलेल्या डबीत जाणार, तिथून तालुक्याला. "जिल्हा जाहीर होईल तेव्हा आपला तालुका त्यातला पहिला सुईमुक्त तालुका असेल," असं हणमंतराव म्हणाले आणि गावात होत्या नव्हत्या तेवढ्या बोटात टोचायच्या सुया नि पट्ट्या डब्यात भरून घेऊन गेले.

रत्नम्माला हे पटलं होतं, खोटं कशाला सांगू? गावात साखरेच्या अकरा बाया. त्यांची बोटं टोचून टोचून तिचाच जीव कातावला होता. त्यात नागुबाई तर सुई बघितली की लहान लेकरासारखी हात पाठीमागं न्यायची. ही नागुबाई गावची सुईण. सरकारी दवाखाना जवळ नव्हता त्या काळात तिनं शंभरावर बाळंतपणं केली, रत्नम्माच्या दोन्ही लेकीही तिच्याच हातावर जन्मल्या. रत्नम्माच्या रागाला गावात एकच माणूस भीत नव्हतं, ते म्हणजे नागुबाई. ती तिला 'रत्ने' म्हणायची आणि दटावायची.

आसपासच्या गावांतल्या आशातायांना पट्टे कसे बांधायचे ते शिकवताना हणमंतराव म्हणाले, "मनगटाच्या हाडापाशी, कातडीला चिकटून."

"साहेब, तिथं बांगड्या असतात," रत्नम्मा म्हणाली.

"मग काढायला सांगा."

सगळ्या आशाताया तोंडाला पदर लावून हसल्या. नवरा जिता असताना बाईला बांगड्या उतरव म्हणायचं? म्हणणारीला गावात पाणी मिळालं नसतं, आणि त्या साली तर नाहीच नाही. साहेबाला शहरात राहून एवढंही कळत नाही, म्हणून रत्नम्मानं आपलीच अक्कल चालवली. घरोघर जाऊन तिनं सांगितलं, "बांगड्यांना हात लावू नका. पट्टा त्यांच्या वर सरकवा आणि तिथं घट्ट बांधा." बाया खूश झाल्या. रत्नम्माही खूश झाली.

नागुबाईच्या डाव्या हाताला बांगड्यांच्या वर कोपरापर्यंत गोंदण होतं. ठिपक्यांच्या रांगा, तुळस, विंचू, सगळं जुनं, हिरवंनिळं, कातडीत दाट मुरलेलं. सोनं घरी राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं, असं ती अभिमानानं सांगायची. पट्टा तिथं बसला, बरोब्बर विंचवावर.

पहिल्या दिवशी साहेबांनी बांगड्या तेवढ्यापुरत्या वर सरकवून मनगटाच्या आतल्या बाजूनं यंत्र लावून ते जुळवून दिलं होतं, तेव्हा आकडा एकशे अठरा आला होता. नंतरही रोज तेच. एकशे सतरा, एकशे अठरा, फार तर एकशे एकोणीस. रत्नम्मा सगळ्या गावाला सांगायची, "नागुमावशीकडून शिका. साखर कशी मुठीत ठेवलीय बघा."

महिन्याभरानं नागुबाईचा नवरा केरबा तक्रार घेऊन आला. "रत्नम्मा, हिला काहीतरी सांग. घरात दोन घागरी पाणी येतं, त्यातली एक ही एकटीच पिऊन राहिली. मी प्यावं काय?"

"काका, दुष्काळात तहान कुणाला न्हाई?" रत्नम्मा त्याच्यावरच खेकसली. "म्हाताऱ्या बायकोचं पाणी मोजता, लाज न्हाई वाटत? तिची साखर एकशे अठरा हाय!"

केरबा मान खाली घालून गेला. पुढं टँकरच्या झोंबाझोंबीत कुणाची तरी भरली घागर नागुबाईच्या पायावर पडली आणि अंगठा फुटला. रत्नम्मानं मलम लावलं, चिंधी बांधली. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले, अंगठा सुकेना. नागुबाई दाराला टेकून बसायची आणि बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. रत्नम्मा पट्टा बघायची. एकशे अठरा. मग ती टँकरवाल्याला शिव्या घालून निघून जायची.

एका सकाळी ती मलमाची ट्यूब घेऊन गेली तर नागुबाई मागच्या न्हाणीत होती. बोलवायला म्हणून रत्नम्मा आत डोकावली आणि जागीच उभी राहिली. न्हाणीच्या मोरीपाशी मुंगळ्यांची रांग लागली होती. भिंतीवरून उतरत होते, दगडाखालून निघत होते, सगळे मोरीकडं. एरवी तांब्याभर पाणी ओतलं असतं तर वाहून गेले असते, पण मोरीत ओतायला पाणी होतं कुणाकडं? लघवीला मुंग्या लागल्या म्हणजे काय, हे आशाताईला शिकवावं लागत नाही. ते नागुबाईनंच तिला शिकवलं होतं, वीस वर्षांपूर्वी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच शेजारच्या गावच्या आरोग्य केंद्रात गेली. तिथं रक्त तपासणारा मन्मथ जेवायला बसत होता. तिनं त्याचा डबा झाकला. "तुझ्याकडं एखादी सुई राहिलीय का? खरं सांग."

"ताई, सगळं जमा केलंय. सुईमुक्त..."

"मन्मथ!"

त्यानं टेबलाचा खालचा कप्पा ओढला. कागदाखाली जुनं यंत्र होतं, बाटलीत चार पट्ट्या उरल्या होत्या. मोटारसायकलवर बसून दोघं बोरगुळीला आले. नागुबाईनं सवयीनं हात पाठीमागं नेला, पण रत्नम्माचं तोंड बघून पुढं केला. थेंब आला. यंत्रानं दाखवलं, चारशे बासष्ट. त्याच हाताला विंचवावर बांधलेला पट्टा दाखवत होता, एकशे अठरा.

मन्मथनं पट्टा सोडला, खालचं गोंदण बघितलं आणि कपाळाला हात लावला. "ह्या शाईतून उजेड जातो का ताई? आत शिरलाच न्हाई तर माघारी काय येणार? आणि काही आलं न्हाई की हे यंत्र गप बसत न्हाई, मागचाच आकडा थोडाफार हलवून दाखवतं. इथं बांधायला कुणी सांगितलं?"

रत्नम्मानं सुटलेला पट्टा उचलून कमरेला खोचला.

"रत्नीनं," नागुबाई साधेपणानं म्हणाली. "माझ्या बांगड्या वाचवल्या पोरीनं."

दुसरं कुणी काही बोललं असतं तर रत्नम्मानं त्याला फाडून खाल्लं असतं. पण नागुबाई कौतुकानं बोलत होती, आणि तेच तिला सोसवेना. तिनं मन्मथला जीप बघायला पिटाळलं. नागुबाई नि केरबाला तासाभरात लातूरला रवाना केलं. मग हणमंतरावांना फोन लावला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "ताई, उद्या तुमच्याच गावात कार्यक्रम आहे. पाहुणे येणार. नागुबाईचे आकडे तालुक्यात सगळ्यात चांगले, त्यांचाच सत्कार ठेवलाय. आता घोळ घालू नका. दुसरी एखादी बाई बसवा स्टेजवर."

दुसरी एखादी बाई! म्हणजे माणूस मरो, पण खुर्ची रिकामी राहायला नको. रत्नम्मानं फोन बंद केला आणि उरलेल्या दहा घरी गेली. पाच बायांच्या हाताला गोंदण होतं, पाचही पट्टे गोंदणावर. मन्मथच्या तीन पट्ट्या उरल्या होत्या, त्या तिनं तिघींवर वापरल्या. दोघींची साखर तीनशेच्या वर निघाली. पाचही जणींना तिनं दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात जायला बजावलं.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढं मांडव घातला होता. पाहुण्यांच्या पुढ्यात सीलबंद पाण्याच्या बाटल्या, खाली बसलेल्या बाया त्या बाटल्यांकडं बघत होत्या. कापडी फलकावर लिहिलं होतं, 'नव्या जिल्ह्याची नवी ओळख'. हणमंतरावांनी नागुबाई केरबा हे नाव पुकारलं आणि बरं नसल्यानं त्यांचा सत्कार आशाताई घेतील असं सांगितलं.

रत्नम्मा उठली, पण स्टेजकडं गेली नाही. ती हापशाकडं गेली. कमरेला खोचलेला नागुबाईचा पट्टा काढला, हापशाच्या दांड्याला आवळून बांधला आणि बटण दाबलं. हिरवा उजेड लागला. थोड्या वेळानं आकडा आला.

"या पाहुणे, बघा!" ती ओरडली. "हापशाची साखर एकशे अठरा हाय! सहा महिने झाले थेंब पाणी न्हाई याला, पण तब्येत कशी ठणठणीत!"

मांडवात आधी हशा झाला, मग बाया आपापल्या पट्ट्याकडं बघायला लागल्या. हणमंतराव तावातावानं खाली उतरले. "ताई, तमाशा करू नका. पट्टा कातडीवर बांधायचा असतो, गोंदणावर नाही. चूक तुमची आहे. तुम्हीच वर बांधायला सांगितलंत."

सगळं गाव रत्नम्माकडं बघायला लागलं. शिवप्पा मागं उभा होता. आता ही साहेबाची गचांडी धरते, असं त्याला वाटलं.

"हाव," रत्नम्मा म्हणाली. "माझं चुकलं."

"मी सांगितलं म्हणून तिनं बांधला. माझ्यामुळं ती महिनाभर सडत बसली, आणि मी तिच्या नवऱ्यालाच बोलले. ते माझं, मी जन्मभर भोगीन. पण साहेब, तुमच्या यंत्राला दिसत नव्हतं ना? मग तसं म्हणायचं होतं! आंधळ्या माणसाला वाट विचारली तर तोबी म्हणतो, बाबा, मला दिसत न्हाई. हे मेलं रोज खोटं बोलत राहिलं. आणि गावात एक सुई तरी ठेवायची होती. एक! सगळ्या गोळा करून नेल्या, कशासाठी? या फडक्यावर लिहायला!"

हणमंतराव पाहुण्यांकडं वळले. पाहुणे घड्याळ बघत उठले. हापशाचा पट्टा तसाच राहिला, त्याला हात लावायचं कुणाला धाडस झालं नाही.

चौथ्या दिवशी लातूरला नागुबाईचा पाय गुडघ्याखाली कापला. आठवडाभर आधी आणलं असतं तर अंगठ्यावर निभावलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. हे वाक्य रत्नम्मानं उभ्यानं ऐकलं.

संध्याकाळी ती नागुबाईच्या खाटेपाशी बसली होती, तेव्हा तिच्या फोनवर निरोप आला. हापशावरच्या पट्ट्याचा आकडा घेऊन चावडीवरची डबी आपलं काम इमानदारीनं करत होती. 'लाभार्थी नागुबाई केरबा. साखर ११८. उत्तम. अभिनंदन.'

"काय आलंय गं?" नागुबाईनं विचारलं.

रत्नम्माला फोन भिंतीवर फेकावासा वाटला. पण खोटं बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, म्हणून तिनं वाचून दाखवलं. नागुबाईनं चादरीकडं बघितलं, जिथं पाय संपत होता तिथं.

"मावशी, माझं चुकलं," रत्नम्मा म्हणाली.

नागुबाई तिला दटावेल, निदान शिव्या घालेल, असं तिला वाटत होतं. नागुबाईनं दोन्ही हातांतल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि रत्नम्माच्या ओटीत टाकल्या.

"ठेव तुझ्यापाशी. पुन्यांदा तुला आडव्या येऊ नयेत," ती म्हणाली. केरबा पलीकडं उभा राहून बघत होता.

मग नर्स सुई घेऊन आली. त्या दिवशी पहिल्यांदा नागुबाईनं हात पाठीमागं नेला नाही. तिनं आपणहून बोट पुढं केलं.