फ्रिज नसलेल्या फिल्मा

मी सोलापूरच्या एका कॉलेजात मुलांना विविधता शिकवतो, म्हणजे शिकवतो असं माझं मत आहे. यंदा फर्मान काढलं: स्वतःच्या घरावर माहितीपट करा. मुलं आज्ञाधारक. स्वतःची घरं सोडून सगळी कॉलेजमागच्या गल्लीत गेली आणि विड्या वळणाऱ्या एकाच तेलुगू बाईंना टिपून आली. विविधता म्हणजे दुसऱ्याचं घर, हे बहुधा मीच शिकवलं असावं.

फिल्मा दाखवल्या तेव्हा बाईंनाही बोलावलं. पडद्यावर मांडीवरचं तंबाखूचं सूप, पिवळी बोटं, मागे रडकी बासरी. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बघत होत्या. शेवटी मला म्हणाल्या, "सर, एकाच्या बी फिलममधी माझा फ्रिज न्हाय. शूटिंगला आली की पोरं त्याच्यावर चादर टाकायची की! आता लेकीला बघायला पाहुणे यायलेत. त्यांनी हे मोबाइलवर बघितलं तर?"

मी छाती फुगवून म्हणालो, "तुमची फिल्म मी स्वतः करतो."

दुसऱ्या दिवशी गेलो. बाई रेशमी साडीत फ्रिजला टेकून उभ्या, शेजारी लेक. मी मोबाइल रोखला आणि तोंडातून निघून गेलं, "छान! आता जरा सूप घेऊन उंबऱ्यात बसता का?"

बाई हसल्या. "पोरं तुमचीच, व्हय सर?" म्हणत त्यांनी माझ्या हातातून मोबाइल काढून लेकीला दिला, "तूच काढ गं."

लेकीनं मोबाइल डोळ्यासमोर धरला आणि अदबीनं म्हणाली, "सर, थोडं सरका की. फ्रिज झाकायलाय."