मर्जीचा विमा

छत्तीसगडातल्या राइस मिलमध्ये फिटरकी करण्यात माझी उमर गेली. शाळा चौथीपर्यंत, पण मशीनच्या आवाजावरून बिघाड सांगत होतो. म्हातारपणी अर्जुनी मोरगावकडच्या आपल्या गावी परतलो, ते स्वतःची पांढरी गाडी चालवत. बाजूला बायको, मागच्या सीटवर पाणी भरायचे पितळेचे गुंड नि तिची शिलाई मशीन. तशी ऐट पुन्हा आली नाही.

राज्य बदललं म्हणून गाडीचे कागद बदलायला आम्ही दोघं गोंदियाला गेलो. विम्याची मुदतही संपत आली होती. विमा काढणारी पोरगी चुणचुणीत.

"काकाजी, तिकडचा विमा इथंही चालते. नवा नंबर नि पत्ता कळवा लागते. आता नवा काढाल तर समजून घ्या. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं, तर त्याचा विमा कायद्यानं पाहिजेच. तुमच्या गाडीले आग लागली, चोरी झाली, ठोकली, त्याचा वेगळा. तो मर्जीचा."

"मंग माही मर्जी नाही. इतकी वर्षं चालवून राहिलो, एक खरोच नाही."

बायको म्हणाली, "अजी, काढा ना दोन्ही. शिवरात्रीच्या जत्रेले आपल्या इकडच्या प्रतापगडले आपल्या गाडीनं जाचं हाय."

"गाडी मी चालवीन. तू कायले भेतं?"

"पाहा बाई, चौथी पास वकील!"

पोरगी हसली. झालं, मी कायद्याचा तेवढाच काढला.

आमच्याकडे धान निघाल्यावर त्याच बांधीत, म्हणजे शेतात, लाखोरीची डाळ होते. वाळली की लोक ती डांबरी रस्त्यावर पसरतात. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्याच मळून देतात. शिवरात्रीला चार दिवस होते. आमच्या रस्त्यानं गाड्या कमीच. म्हटलं, दुसऱ्याच्या गाडीची वाट कायले पाहाची? आपलीच पुढं-मागं फिरवत राहिलो. बायको काडीनं लाखोरी उलटवत होती. लाखोरीची वाळली ढिंगरं, काड्या-वेल सगळं, गाडीखाली गुंतत गेली, सायलेन्सर तापलेला. आवाज मला ओळखू येत होता, वास नाही आला. धूर तिलाच दिसला.

"अजी, उतरा! आधी उतरा!"

हात धरून तिनंच ओढलं. लोकांनी माती टाकली, पाणी टाकलं. गाडीचा सांगाडा उरला.

विम्याच्या पोरीला फोन केला. ती चाचरत म्हणाली, "काकाजी, दुसऱ्याचं जळलं असतं तर..."

"मले मालूम हाय," म्हटलं. "मागाले नाही, सांगाले फोन केला."

प्रतापगडला एसटीनं गेलो. अर्ध्या वाटेत बायकोनं एसटीच्या खिडकीवर टिचकी मारली. मग हळूच म्हणाली, "अजी, हिचा विमा तं असन ना?"

दरवर्षी हाच टोमणा मारते. मला मग ती पांढरी गाडी आठवते, वळणावर मागं खणखणणारे गुंड, काचेबाहेर ठेवलेला तिचा हात. चुकलो, असं मी तिला अजून म्हटलेलं नाही. एसटीत खिडकीजवळची जागा मात्र तिलाच देतो.