दृष्टीला इंग्रजी येत नाही

पालमजवळच्या एका गावात गोजरबाई राहते. तोंडानं फटकळ, मनानं लोणी. पण घरच्या माणसाचं कौतुक करायचं म्हटलं की बाईची दातखीळ बसायची. तिला दृष्ट लागण्याची भारी धास्ती. एकदा ताडकळसच्या बाजारात तिनं आपल्याच बैलाची चारचौघांत तारीफ केली आणि घरी येईपर्यंत बैल लंगडला. झालं! दगडावरून पाय मुरगळला, असं मुलानं, बजरंगनं, परोपरीनं सांगितलं. ऐकेल ती गोजरबाई कसली? आपल्या माणसाला आपल्या तोंडानं चांगलं म्हणायचं नाही, अशी तिनं मनाशी गाठच मारली.

पण कौतुक पोटात दाबणार तरी किती? ऊसतोडीला गेली तेव्हा तिथली पोरं मोबाइलवर क्रिकेट लावायची. त्यातले शब्द बाईनं उचलले आणि शोध लावला, की दृष्ट लागते ती मराठीत. इंग्रजी दृष्टीला काय डोंबल कळतंय! मग काय विचारता, जीभ सुटलीच. भाकरी टम्म फुगली की 'हॅट्स ऑफ'. नातवानं पाढा न चुकता म्हटला की 'चॅम्पियन'. म्हशीनं बादलीभर दूध दिलं तर तिच्या पाठीवर थाप मारून 'मॅन ऑफ द मॅच'. गाव पोट धरून हसायचं.

हसत नव्हती ती फक्त सून, राजेश्री. तिला रोज 'वेल डन' मिळायचं, पण त्यानं तिचं मन काही भरेना. एकदा तिनं नवऱ्याला सुनावलंच, "आत्याबाई मला अन् म्हशीला एकाच भाषेत म्हणत्यात. एकदा तरी आपल्या बोलीत चांगलं म्हणावं की."

यंदा राजेश्री ग्रामपंचायतीला उभी राहिली. गल्लीत नळ आणीन म्हणत दारोदार फिरली, भल्याभल्यांपुढं न घाबरता बोलली. लोक वाहवा करू लागले तशी गोजरबाई मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकू लागली. तोंडानं नुसतं 'विनर, विनर'. निवडून आले म्हणजे तरी आपल्या बोलीत चांगलं म्हणतील, अशी राजेश्रीला आस होती.

आणि राजेश्री पडली. थोडक्यात पडली, पण पडली. घरी आली तर ओट्यावर निम्मी गल्ली जमलेली. गोजरबाई उठली, पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "माही सून लय गुणाची हाय. आख्ख्या तालुक्यात अशी वाघीण न्हाई."

बजरंग दचकला. "माय, दृष्ट लागंल की."

"हारलेल्याला कोण दृष्ट लावतंय, येड्या? कवाचं पोटात होतं माह्या. आज बोलायचा मोका मिळाला."

राजेश्री पदरात तोंड घालून रडली, मग रडता रडता हसली. गोजरबाई आता कुठली थांबते! सुनेच्या हातचं वरण, तिचा धीटपणा, आजारपणात तिनं काढलेल्या खस्ता, सगळं बोलत सुटली. पलीकडच्या गल्लीत जिंकणारीच्या दारात हलगी कडाडत होती, गुलाल उडत होता. बायका राजेश्रीला म्हणाल्या, चल, बघून तरी येऊ. ती काही उठली नाही. सासूजवळ सरकून बसली आणि म्हणाली, "अजून सांगा की, आत्याबाई."