बदकाची मान आणि नाकोजींचे नाक

नाकोजी हे काही त्यांचे खरे नाव नव्हते. पण खऱ्या नावाने कुणी हाक मारली, तर ते स्वतःसुद्धा वळून पाहत नसत. फुटके प्लास्टिक सांधणे हा त्यांचा धंदा. बादली, टाकी, खुर्ची, गाडीचा बंपर, जे फुटेल ते लोक घेऊन येत. दुकान पुढे, घर मागे आणि मध्ये एक पडदा.

प्लास्टिक म्हणजे सगळे एकच, असे तुम्हाआम्हाला वाटते. तसे मुळीच नसते. एकाची दुसऱ्याशी सोयरीक जमेलच असे नाही. काही चिकटद्रव्याने निमूटपणे जोडले जातात. काहींवर अख्खी बाटली ओतली, तरी त्यांना ढिम्म फरक पडत नाही. त्यांच्या कडा गरम हवेच्या बंदुकीने मऊ करायच्या आणि त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून त्या फटीत भरायची. कांडी चुकली, तर सांधा दिसायला झकास. पण गार झाला की केव्हा सालीसारखा सुटेल, सांगता येत नाही.

म्हणून आधी ओळख पटवायची. इतर कारागीर वस्तूच्या मागच्या बाजूला कांडीचा एक तुकडा लावतात आणि गार झाल्यावर पकडीने ओढून बघतात. सुटला तर दुसरी कांडी. नाकोजींना याचे हसू येई. ते चाकूने एक कपची काढत, पेटवत, विझवत आणि तो धूर अत्तराचा फाया असावा तसा नाकाखालून नेत. केस जळाल्याचा वास आला तर नायलॉन. विझलेल्या मेणबत्तीचा आला तर पॉलिथिन. मेणबत्तीच, पण तिच्यात डिझेलचा ठसका असेल तर पॉलिप्रॉपिलीन.

"पकडी कुणी ओढायच्या? ज्यांना नाक नुसतं चष्मा टेकायला दिलंय त्यांनी!" असे ते म्हणत. म्हणताना ते नाकाने कांदे सोलत आहेत, हे सगळ्या गल्लीला दिसे. पण त्यांचा सांधा सुटलेला कुणी पाहिला नव्हता, म्हणून गल्ली गप्प बसे.

मग त्यांना ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. नाकोजींनी साबण हुंगला, रॉकेल हुंगले, शेवटी स्वतःचे मोजे हुंगले. काही नाही. दुकानाची सगळी अब्रू त्या नाकावर उभी होती; ही बातमी फुटली की गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या पक्कडवाल्याकडे पळणार. कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचे नाही, असे त्यांनी ठरवले. बायकोला तर नाहीच. तिने काळजी केली असती आणि, त्याहून वाईट म्हणजे, डॉक्टरकडे नेले असते.

पण नशीब बघा. पहिल्याच दिवशी एका फुटक्या टबाची कपची पेटवून ते घाम पुसत बसले होते, तोच पडद्याआडून बायको ओरडली, "अहो, काय हा घाणेरडा वास! मेणबत्त्या विझवताय की काय?"

नाकोजींनी हळूच पॉलिथिनची कांडी उचलली. दुसऱ्या दिवशी आतून आले, "कुणाचे केस जळतायत हो?" त्यांनी नायलॉनची उचलली. असे रोज चालू झाले. बिचारीला पत्ताही नाही, असे मनाशी म्हणत ते स्वतःच्या हुशारीवर खूश असत. वर संशय नको म्हणून तिच्यावर खेकसतही, "धंदा आहे! वास येणारच!"

आणि एके दिवशी बदक आले. बागेतल्या तळ्यावरच्या नाववाल्याने हातगाडीवर घालून आणलेले, पायडल मारून चालवायचे, पिवळेधमक आणि मान मुळापासून तुटलेले.

"परवा सकाळी तळं पुन्हा सुरू होतंय," नाववाला म्हणाला. "पोरांना हेच बदक लागतं."

नाकोजींनी कपची पेटवली, धूर नाकाखालून नेला आणि सवयीने पडद्याकडे कान दिला. आत फक्त नळ ठिबकत होता. बायको सकाळीच बहिणीकडे गेली होती, ती दुसऱ्या दिवशी यायची होती.

"काय निघालं?" नाववाल्याने विचारले.

"थांब, अभ्यास चाललाय."

त्यांनी आणखी एक कपची जाळली. मग आणखी एक. नाववाला खोकू लागला. पडद्याशेजारच्या खिळ्याला कधीतरी घेतलेली कोरी पक्कड लटकत होती. पण परक्या माणसासमोर ती हातात घ्यायची म्हणजे फारच झाले.

"पॉलिप्रॉपिलीन!" नाकोजी ठणकावून म्हणाले.

सांधा असा सुरेख बसला की बदक पूर्वीपेक्षा ताठ मानेने बघू लागले. दुसऱ्या दिवशी बागेचे साहेब स्वतः त्यात बसून फेरी मारायला निघाले. तळ्याच्या ऐन मध्यावर बदकाने मान टाकली, ती थेट साहेबांच्या मांडीवर.

संध्याकाळी नाववाला ते डोके काखेत मारून दुकानात आला. बाहेर हातगाडीवर बाकीचे बदक होते.

"साहेब म्हणाले, उद्या सकाळपर्यंत झालं नाही तर बदकाबरोबर मलाही भंगारात काढतो," तो म्हणाला. आवाज चढवलासुद्धा नाही. "तुमचा सांधा सुटत नाही म्हणून मीच बसवलं हो त्यांना."

नाकोजींना मेल्याहून मेल्यासारखे झाले. बायको नुकतीच परतली होती; पडद्याआड पिशवी रिकामी केल्याचा आवाज येत होता. त्यांनी कपची पेटवली आणि श्वास रोखून बसले.

"अहो, काय हा वास!" आतून आले. "नुसती मेणबत्ती! डिझेलबिझेल काही नाही, नुसती मेणबत्ती!"

नाकोजींचा जीव भांड्यात पडला. हात पॉलिथिनच्या कांडीकडे गेला आणि मध्येच थांबला. जो वास येतच नाही, त्याची तक्रार कोण करतं?

ते उठून आत गेले.

"तुला कधीपासून माहीत आहे?" त्यांनी दबक्या आवाजात विचारले.

"दूध करपून भांडं काळंठिक्कर झालं आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होता, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?" बायको म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून हा धूर घरात आहे. वासाबद्दल कधी एका शब्दाने तरी कुरकुर केली होती का मी? तुम्हाला नवलसुद्धा नाही वाटलं!"

नाकोजींनी आठवून पाहिले. खरेच, कधीच नाही. आणि ते तिच्यावर रोज खेकसत होते. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि बायकोबद्दल माया दाटून आली.

"आता माझ्या नाकावरही भरवसा टाकू नका," ती म्हणाली. "त्या माणसाची नोकरी आहे. ओढून बघा."

नाकोजी बाहेर आले. त्यांनी बदकाच्या पोटाखाली पॉलिथिनचा एक तुकडा लावला, तो गार होईपर्यंत थांबले आणि खिळ्यावरची पक्कड काढली. नाववाला बघतच राहिला. नाकोजींनी दोन्ही हातांनी जोर लावला. हातगाडी ओढली गेली, बदक हलले, तुकडा जागचा हलला नाही.

"तुम्ही आणि पक्कड?" नाववाला म्हणाला.

"नाक गेलंय माझं," नाकोजी म्हणाले, समोरच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "कधीच गेलंय."

"मग इतके दिवस ओळखत कोण होतं?"

नाकोजींनी पडदा बाजूला सारला आणि पकडीच्या रिकाम्या खिळ्याला अडकवून ठेवला.

"यांना विचार," ते म्हणाले.